पडताना काय दिसलं?

"काकी, ताय पडल्या," नरेश फोनवर म्हणाला आणि मी मशीन न थांबवता म्हटलं, "मग? उठतील की!"

हे वाचून मला कुणी दगडाच्या काळजाची म्हणालं तर म्हणू दे. पण विभा पडली, ही काय फोन करून सांगायची बातमी झाली? विभा रोज पडायची. सकाळी चहाच्या आधी पडायची, दुपारी शिबिरातल्या मुलांना घेऊन पडायची, आणि ते शिकायला पुण्यामुंबईहून, अगदी बंगळुरूहून माणसं रजा काढून आमच्या गावात यायची. नरेश तिच्या वाडीतला गडी. गडी कसला, घरचाच माणूस. तोसुद्धा नारळ सोलता सोलता फोन उचलून सांगायचा, "ताय आत्ता पडतायत, जरा येलानं करा." म्हणून मी तशी बोलले. मागे वाडीतला पंप चालू होता, त्याचा आवाज तेवढा येत राहिला... मग म्हणाला, "न्हाय काकी. ह्या टायमाला न्हाय उठल्या." माझा पाय पायडलवर तसाच चालत होता. भानावर आले तेव्हा गिऱ्हाइकाच्या ब्लाउजची बाही पाठीला शिवून झाली होती. ती मी अजून उसवलेली नाही.

विभावर खरं तर नाचातल्या जाणकाराने लिहायला हवं. तिने कुठे कुठे कार्यक्रम केले, कुणाकुणाला घडवलं, ते त्यांना ठाऊक. ती जे करायची त्याला 'समकालीन नृत्य' म्हणतात, हे तिनेच मला सांगितलं होतं. गावात मात्र सगळे त्याला 'लोळण' म्हणायचे, आणि तिला ते नाव भलतंच आवडायचं. मी बोर्ली पंचतनच्या बाजारात बायकांचे कपडे शिवणारी बाई. नाचातलं मला ओ की ठो कळत नाही. पण माझ्या बाबतीत तिने जे केलं ते दुसरं कुणी लिहिणार नाही, कारण ते दुसऱ्या कुणाला माहीतच नाही. म्हणून हा खटाटोप.

आम्ही एका बाकावरच्या. तिच्या वडिलांची, आप्पांची, गावाच्या खालच्या अंगाला समुद्राकडे सुपारीची वाडी. बाजारातून तिथे उतरायला जांभ्याच्या पायऱ्यांची जुनी पाखाडी आहे. शाळा सुटली की त्या पाखाडीवरून आम्ही दोघी उड्या मारत खाली जायचो. सुपारीच्या झाडाला आमच्याकडे पोफळ म्हणतात. सुपारी काढणारा गडी एका पोफळीवर चढतो, तिला झुलवतो आणि खाली न उतरताच पुढची पोफळ धरतो. एका दुपारी आप्पा झोपलेले बघून विभाने तोच उद्योग केला. पुढची पोफळ काही तिच्या हाताला लागली नाही. धप्पकन खालच्या पाटात पडली, चिखलात. मी बोंब ठोकत धावले, म्हटलं मेली ही! तर बाईसाहेब उताण्या पडून हसतायत. "सुमे, इकडे ये गं, इथे पड माझ्या शेजारी. खालून पोफळींची डोकी गोल गोल फिरताना दिसतात." मला तिच्या एक कानाखाली वाजवावीशी वाटली. मी तिच्या शेजारी पडले वगैरे काही नाही. नवा परकर होता माझा.

पुढे ती कॉलेजला मुंबईला मावशीकडे गेली, तिथून आणखी कुठे कुठे, आणि मी इथेच राहिले. लग्नाचं काही जमलं नाही, मग जमवायचं राहूनच गेलं. शिवणाचं दुकान, दुकानामागे दोन खोल्या, तिथे मी आणि आई. विभा गणपतीत आली की भेटायची, नाही आली की नाही. मग ते मोठं चक्रीवादळ झालं आणि आप्पांची वाडी एका दिवसात आडवी झाली. आप्पा तोवर गेले होते. विभा आली ती वाडी विकायलाच, असं सगळे धरून चालले होते. गिऱ्हाईकसुद्धा तयार होतं, रिसॉर्ट बांधणारं. ती पडलेल्या पोफळींच्या मधोमध बराच वेळ उभी राहिली आणि नरेशला म्हणाली, "एवढी मोकळी जागा मला मुंबईत कुणी दिली नसती रे." झालं! पडलेल्या झाडांचे खांब करून तिने मांडव उभारला, मागच्या बाजूला कुडाची भिंत घातली, वर पत्रे घातले, खाली सारवलेली जमीन ठेवली आणि सभोवती, अगदी वर पाखाडीच्या कडेपर्यंत, नव्या पोफळी लावल्या. रस्त्यावर 'मूव्हमेंट वर्कशॉप' अशी पाटी लावली, तर दुसऱ्याच दिवशी एक जण बंद पडलेली मोटारसायकल ढकलत घेऊन आला. ती पाटी तिने हसत हसत उतरवली आणि परत कधी लावली नाही.

ती माझ्या दुकानात आली ती शिबिरातल्या मुलांसाठी ढगळ विजारी शिवून घ्यायला. पांढरे केस बारीक कापलेले, साठी उलटलेली, आणि उंबरा असा ओलांडला, जणू अजून आम्ही सातवीत आहोत. मी कापड आणायला आतल्या खोलीकडे वळले. ती बघत राहिली. मग म्हणाली, "सुमे, तू भिंत का धरून चालतेस? ती पडेल म्हणून?"

मी हसले नाही. मी भिंत धरूनच चालायची तेव्हा. त्याचं कारण आई. आई विहिरीवरून पाणी घेऊन येत होती, श्रावणातली गोष्ट, पायरीवर शेवाळ धरलेलं. पाय सरकला. माणूस पडताना हात टेकतो, काहीतरी धरतो. आईने काय केलं, तर कमरेवरची तांब्याची कळशी दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरली. कळशीला पोचा पडू नये म्हणून! तिच्या आईने दिलेली कळशी होती ती. मी धावत गेले तेव्हा ती कुशीवर पडली होती, तोंड वेडंवाकडं झालेलं, आणि मला म्हणते काय, "कळशी बघ गं, कळशीला काही झालं नाही ना?" कळशीला एक पोचा पडला नव्हता. आईचं खुब्याचं हाड मोडलं ते मोडलं. ती पुन्हा उभी राहिली नाही. दुकानामागच्या खोलीत ती वर्षानुवर्षं खाटेवर होती आणि मी मशीन चालवता चालवता तिला वळवत होते, पुसत होते, भरवत होते. ती गेली आणि मला मोकळं वाटायच्या ऐवजी माझ्या पायांत भीती बसली. आता माझी पाळी, आणि मला वळवायला तर कुणी नाही. आधी मी पाखाडी सोडली. मग विहीर सोडली, नळ घेतला. मग पाऊस लागला की दुकानाची पायरीसुद्धा उतरेनाशी झाले. भाजी, वाणसामान, सगळं आळीतली पोरं आणून द्यायची. समुद्राची गाज रात्रंदिवस कानावर यायची आणि समुद्र बघून मला किती वर्षं झाली होती ते मीच विसरले होते.

हे सगळं विभाने ऐकून घेतलं. 'अरेरे' नाही, 'बिचारी' नाही. नुसतं म्हणाली, "म्हणजे पडायला घाबरतेस म्हणून तू बाहेरसुद्धा पडत नाहीस." मी म्हटलं, "शब्दाचा खेळ करू नकोस." ती म्हणाली, "खेळ कसला? विजारी घेऊन ये वाडीत. रिक्षाने ये, भिंत नको धरायला."

विजारी घेऊन मी गेले, डांबरी रस्त्याने वळसा घालून, रिक्षाची दांडी दोन्ही हातांनी धरून. मांडवात मुलं गोल करून बसली होती. विभा मधे उभी होती. काही संगीत नाही, काही नाही, बाहेर पंप चालू आणि लांबून समुद्र. मला वाटलं आता नाच सुरू होईल. आणि ती पडली... कशी पडली ते मला आजही नीट सांगता येत नाही. कापायच्या टेबलावरून सॅटिनचं कापड सरकायला लागलं की आपण धरेपर्यंत ते सगळंच्या सगळं जमिनीवर जातं, आवाज न करता, तशी. आधी गुडघ्यातून काहीतरी सुटलं, मग कमरेतून, मग खांद्यातून, आणि ती खाली होती. जमिनीला कळलं नसेल इतकी हळू, आणि तरी डोळ्याचं पातं लवायच्या आत. माझ्या तोंडून "अगं बाई!" निघालं. मी धावले असते, पण माझे पाय! तोवर ती उठतसुद्धा होती, आणि उठणं कुठून सुरू झालं ते मला दिसलंच नाही. आमच्या आईचं सगळं आयुष्य ज्या एका क्षणात संपलं, तो क्षण ही बाई हातात घेऊन त्याला उलटापालटा करून बघत होती. साठी उलटलेल्या बाईने असं पडावं आणि असं उठावं, हे मी डोळ्यांनी बघितलं नसतं तर ब्रह्मदेवाने सांगितलं तरी खरं मानलं नसतं.

पडलेल्याला ती कधीच "लागलं का?" विचारायची नाही. शेजारी जाऊन बसायची आणि विचारायची, "काय दिसलं?" मग ते पोर सांगायचं, पत्र्याला भोक दिसलं, कोळ्याचं जाळं दिसलं, तुमच्या विजारीची शिवण दिसली. ती सगळं मन लावून ऐकायची. लहानपणी चिखलात पडून जे दिसलं होतं, त्याच्या मागे ही बाई जन्मभर लागली आहे हे मला तेव्हा कळलं.

तिची शिकवायची तऱ्हा तर काय सांगावी. बाहेरगावचे लोक आकडे मोजत नाचायला यायचे. ही त्यांना मराठी शिकवत बसायची. म्हणायची, "आपल्याकडे काय काय पडतं बघा. ऊन पडतं, चांदणं पडतं. स्वप्न पडतं, प्रश्न पडतो. देवाच्या पाया पडतो, घराबाहेर पडतो, एखाद्याच्या गळ्यात पडतो. एवढं सगळं पडतं ते चालतं, आणि माणूस पडायचं म्हटलं की बोंबाबोंब! चला, ऊन पडतं तसं पडा." आणि ती पोरं पडायची हो! ऊन पडतं तशी, हळूहळू पसरत, मांडवभर. मग "आता प्रश्न पडतो तसं", तर एखादी मुलगी चालता चालता मधेच थबकून, मान वाकडी करून, आधी एक खांदा टाकायची, मग दुसरा. कुणी कुणाला काही दाखवून दिलेलं नसायचं. त्या क्षणाला जे सुचेल ते. विभा म्हणायची, ठरवलेलं सगळं सांडून गेलं की मग जे उरतं ते बघायचं. मी कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून बघायची आणि हातातलं काजं करायचं राहून जायचं. जन्मभर 'पडतं' हा शब्द बोलत आले, पण त्यात एवढं काही दडलं असेल असं कधी मनात आलं नव्हतं.

गावातले लोकही कुंपणाशी येऊन बघायचे. एकदा रखमाकाकी, पलीकडच्या आळीतली म्हातारी, तडक नारळ आणि हळदकुंकू घेऊन मांडवात शिरली. बंगळुरूची एक मुलगी डोळे मिटून डोलत होती, काकीने तिच्यासमोर नारळ ठेवला, हात जोडले आणि विचारलं, "बाय माजे, माजा पोरगा गनपतीला येल का न्हाय, तेवडं सांग." तिला वाटलं, मुलीच्या अंगात आलंय! मुलीला मराठी येत नव्हतं, ती आपली डोलतेय. मुलं हसायला लागली. विभाने त्यांच्याकडे असं बघितलं की हसू जागच्या जागी विरलं. मग ती काकीपाशी मांडी घालून बसली. "काकी, हिच्या अंगात कुणी आलेलं नाही. आहे तेच बाहेर काढतोय आम्ही." काकीने विचारलं, "आनि भाईर काडून ठेवता कुठं?" विभा संध्याकाळी मला म्हणाली, "सुमे, एवढी वर्षं शिकवतेय, हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता." तो नारळ फोडून सगळ्यांना खोबरं वाटलं आणि काकी त्यानंतर रोज यायला लागली, बघायला.

मला तिने हळूहळू खाली उतरवलं. आधी बसल्या जागी एका कुशीवर कलंडायचं, गोधड्या घालून. मग गुडघ्यांवरून. मग भिंतीला पाठ लावून, मग भिंतीशिवाय. दर वेळी माझं अंग लाकूड व्हायचं आणि दर वेळी ती म्हणायची, "तू पडत नाहीस, तू मोडायची तयारी करतेस." मी चिडायची. म्हातारपणी मला हे काय भिकेचे डोहाळे, असं म्हणून एकदोनदा रिक्षा बोलावून तरातरा निघूनही आले. पण परत जायची. का जायची? कारण घरी आल्यावर दुकानातून मागच्या खोलीत जाताना भिंतीवरचा हात आपोआप खाली यायला लागला होता. ते विभाच्या आधी मलाच दिसलं, आणि मी तिला मुद्दाम सांगितलं नाही.

मग एक दिवस तिने विचारलं, "ती कळशी कुठे आहे?" मी म्हटलं, "फळीवर. सणाला चिंच लावून घासते." म्हणाली, "उद्या घेऊन ये." मला असा राग आला! आईच्या जिवावर उठलेली वस्तू, आणि ही तिला तमाशा करायला मांडवात आणायला सांगते? मी भांडले. तिला म्हटलं, तुला आई खाटेवर सोसावी लागली नाही म्हणून हे सुचतंय. ती शांतपणे म्हणाली, "नाही सोसावी लागली. तू सोसलीस. म्हणूनच तुला सांगतेय." त्यानंतर बरेच दिवस मी वाडीकडे फिरकले नाही. कळशी मात्र फळीवरून माझ्याकडे बघत राहिली, झगझगीत, एक पोचा नसलेली. शेवटी घेतली आणि गेले.

विभाने कळशी पाण्याने भरली. माझ्या कमरेवर ठेवली. मुलांना बाहेर पाठवलं. मांडवात आम्ही दोघी आणि दाराशी रखमाकाकी. "चाल," विभा म्हणाली, "आणि मी टाळी वाजवली की आधी कळशी सोड, मग स्वतःला सोड. तुझ्या आईला कुणी हे सांगितलं नाही गं, की हातातलं सोडलं तरी चालतं." मी चालले. टाळी वाजली आणि माझे हात, माझे स्वतःचे हात, कळशीला आणखी घट्ट आवळायला लागले... आईसारखेच. अगदी आईसारखेच. तेवढ्यात दारातून काकी ओरडली, "सोड गो बाय! भांडं हाय ते!" आणि मी सोडली. ठण्ण करून ती आदळली, पाणी सगळीकडे, गडगडत खांबापर्यंत गेली, आणि मी कुठेतरी खाली होते, ओल्या जमिनीवर, सगळी हाडं जागच्या जागी. मी हंबरडा फोडला. आई गेली तेव्हाही मी अशी रडले नव्हते. तेव्हा लोक होते, चहापाणी बघायचं होतं. विभा त्या चिखलात माझ्या शेजारी येऊन उताणी पडली. माझं रडणं तिने संपू दिलं. मग विचारलं, "काय दिसलं?"

"काही नाही," मी म्हटलं. "डोळे मिटले होते."

"मग अर्धीच पडलीस," ती म्हणाली. "असू दे. उरलेली अर्धी पुढच्या वेळी."

कळशीला बेंबीएवढा पोचा पडला होता. कासार सरळ करून देतो म्हणाला, मी नको म्हटलं. त्यानंतर मी पुष्कळदा पडले, उभ्याने, चालताना, एकदा तर उगाच हौसेने वाळूत, समुद्रावर. हो, समुद्रावर! विभा आणि मी हातात हात घालून गेलो होतो आणि मी लाटेत पाय बुडवून लहान पोरीसारखी किंचाळले होते. पण पडताना डोळे काही उघडे राहायचे नाहीत. जमीन जवळ आली की आपोआप मिटायचे. ती दर वेळी विचारायची, आणि मी दर वेळी सांगायची, काही नाही. एकदा वैतागून म्हटलं, "खोटंच सांगू का काहीतरी?" तर म्हणाली, "सांग की. पण मला कळेल."

शेवटची भेट मे महिन्यातली. नवं शिबिर पावसाळ्यात घ्यायचं ठरलं होतं, त्याचं कापड घेऊन ती दुकानात आली. तिच्यासाठी एक विजार शिवायची म्हणून मी टेप लावली आणि चरकले. कंबर उतरली होती, खांदे उतरले होते. म्हटलं, "अंगाने फार खाली आलीस गं." "खालीच तर जायचंय मला जन्मभर," ती म्हणाली आणि हसली. डॉक्टरांना दाखवलंस का म्हणून मी कटकट केली. दाखवेन दाखवेन म्हणाली. निघताना दारात थांबली. पलीकडे पाखाडीची वरची पायरी दिसते माझ्या दुकानातून. तिकडे बोट दाखवून म्हणाली, "पाऊस लागला की या वेळी रिक्षा नको. पाखाडीने ये."

"आणि पडले तर?"

"तर काय दिसलं ते सांगायला ये."

त्यानंतर आठवड्यातच नरेशचा फोन आला. सकाळची वेळ, ती मांडवात एकटी चालत होती, तो बाहेर झाडत होता. ती थांबली आणि पडली. नरेशने झाडू खाली ठेवला नाही, कारण त्याला वाटलं नेहमीचंच. ती पडल्यावर थोडा वेळ तशीच राहायची, ते त्याला ठाऊक. त्याने सगळं अंगण झाडून काढलं. मग हाक मारली... हे सांगताना तो माझ्यासमोर भिंतीला डोकं टेकून रडला. डॉक्टरांनी त्याला समजावलं, हृदय उभ्या उभ्याच थांबलं होतं, तू धावत गेला असतास तरी काही झालं नसतं. मला विचाराल तर ती त्याच्या भरवशावर पडली आणि तो तिच्या भरवशावर झाडत राहिला, यात चुकलं कुणाचंच नाही. अंगावर कुठे खरचटलंसुद्धा नव्हतं तिच्या. जीव निघून गेल्यावरही तिचं अंग तिने शिकवलेलं विसरलं नव्हतं. मी हे आठवते आणि हात जोडते. नरेश शेवटी एवढंच म्हणाला, "काकी, डोळे उघडे व्हते त्यांचे." काय दिसलं, हे विचारायला कुणी नव्हतं.

तिच्या शिबिरातली मुलं म्हणाली, ठरलेलं शिबिर होऊ दे, आम्ही घेतो. विजारी माझ्याकडे शिवून पडल्या होत्या. विभाचीही त्यात होती, ती काढून ठेवावी की द्यावी हे ठरेना, मग बरोबर घेतली. श्रावण लागलेला, दिवसभर झिमझिम. रिक्षावाल्याला फोन लावला होता, तो दहा मिनिटांत येतो म्हणाला. मी एका हातात गाठोडं, एका हातात छत्री घेऊन दारात उभी राहिले. समोर पाखाडी. रिक्षा येईपर्यंत नुसतं वरच्या पायरीपर्यंत जाऊन बघू म्हटलं. वरची झाली, मग दुसरी. जांभा हिरवागार, कडेला टाकळा उगवलेला. धरायला भिंत नाही, कठडा नाही. निम्मी पाखाडी उतरले आणि माझं मलाच हसू आलं, की अगं, आपण तर उतरतोय! आणि तिथेच पाय सरकला.

छत्री सोडली. गाठोडं सोडलं. हे मी केलं असं म्हणत नाही, ते झालं. गुडघ्यातून सुटलं, कमरेतून सुटलं. जमीन जवळ आली आणि डोळे... डोळे उघडेच राहिले. छत्री वर गेली, उलटी झाली. पाऊस सरळ माझ्या डोळ्यांत पडत होता आणि वर, वादळानंतर विभाने लावलेल्या पोफळींची डोकी, सगळीच्या सगळी, गोल गोल फिरत होती. खोटं नव्हती बोलत ती. त्या पाटातल्या दुपारपासून एकदाही खोटं बोलली नव्हती. मी पायऱ्यांवर उताणी पडून होते, हाडं शाबूत, कोपर थोडं सोललेलं, विजारी खालच्या पायरीपर्यंत पसरलेल्या, आणि मला इतकं, इतकं सांगायचं होतं.

खालून नरेश धावत आला. "काकी! ओ काकी!" जवळ येऊन त्याने मला उठवायला हात पुढे केला. मग माझ्या तोंडाकडे बघितलं आणि थांबला. हात मागे घेतला. पावसातच, शेजारच्या पायरीवर उकिडवा बसला.

"काय दिसलं, काकी?" त्याने विचारलं.

मी उठले नाही. तशीच पडून त्याला पहिल्यापासून सांगायला लागले.